अडीच फुटांपलीकडे

दिघ्याच्या संघर्ष पाईकरावचं वय त्या सोमवारी बेचाळीस वर्षं, अकरा महिने आणि आठ दिवस होतं. इतकं काटेकोर वय आपल्याकडे दोनच ठिकाणी सांगतात, तान्ह्या बाळाचं आणि सरकारी नोकरीच्या अर्जात. वयाची अट त्रेचाळीसची. बेलापूरच्या ज्या कार्यालयात छायाचित्रकाराची ही एक जागा निघाली होती, तिथे याआधीची जागा अकरा वर्षांपूर्वी निघाली होती. त्या वेगाने पुढची निघेल तेव्हा संघर्ष चोपन्नचा असणार होता, म्हणजे ही जागा गेली की विषयच संपला.

लेखी परीक्षा होऊन गेली होती. चारशे बारांतून बारा जण प्रात्यक्षिकाला बोलावले, त्यांत संघर्ष पहिला. प्रात्यक्षिकाला गुण नव्हते. पास किंवा नापास, एवढंच. पहिला पास झाला की जागा त्याची, बाकी अकरांनी घरी जायचं. पहिला नापास झाला तर दुसरीचा नंबर. दुसरी होती घणसोलीची निशिगंधा मढवी, वय एकोणतीस, दीड गुणाने मागे.

संघर्षच्या हातून चौदा वर्षांत वीस-बावीस हजार ओळखपत्रांचे फोटो गेले होते. न्हावा शेव्याचे कामगार, ऐरोलीच्या कंपन्यांतली पोरं, शाळांचे वर्गच्या वर्ग. कुठे कंत्राटावर, कुठे कंत्राटदाराच्या कंत्राटावर. ज्या गेटातून तो फोटो काढायला आत जायचा, तिथे त्याच्या स्वतःच्या गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेली चकती असायची, आणि संध्याकाळी ती परत करावी लागायची. यंदा परत न करायचं कार्ड मिळणार होतं. त्यासाठी त्याला फक्त नापास व्हायचं नव्हतं. इतकं सोपं काम अवघड करायला फार चांगुलपणा लागतो, आणि तो त्या सकाळी दोन घरांनी मिळून पुरवला.

आधी कॅमेऱ्याचं सांगतो. संघर्षचा जुना कॅमेरा दोन वर्षांपूर्वी मेला, पण त्याची लेन्स ठणठणीत राहिली. पन्नास मिलिमीटरची लेन्स, सगळी हाताने फिरवायची, काचेवर एक ओरखडा नाही. नवा घेतला तो मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, सेकंडहँड आणि दुसऱ्याच कंपनीचा. आता या कंपन्यांचं आपसांत पटत नाही. एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. म्हणून मध्ये धातूची एक कडी घालतात, तिला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. एका अंगाने ती कॅमेरा धरते, दुसऱ्या अंगाने लेन्स, आणि दोघांत जेवढं अंतर हवं तेवढंच राखते. सोयरीक जमवणाऱ्या मामासारखं तिचं काम. मामा मध्येच पसरून बसला तर बिघडतं, तसंच इथे. कडी तीन-चार मिलिमीटर जाड झाली, तर जवळचं लख्ख दिसतं आणि लांबचं काहीच दिसत नाही.

रविवारी संध्याकाळी रबाळ्याच्या एका कारखान्यात दातेरी चाकाचे फोटो काढताना संघर्षच्या अ‍ॅडॅप्टरची खिट्टी तुटली आणि लेन्स अलगद त्याच्या तळहातात आली. मुंबईतली दुकानं रविवारी बंद. सोमवारी उघडणार अकराला, आणि परीक्षाही अकराला. त्याने सारसोळ्याच्या कुंदन तांडेलला फोन लावला. कुंदन हळदी-लग्नांचे फोटो काढायचा. त्याच्याकडेही असाच दोन कंपन्यांचा संसार होता.

"टेन्शन नको घेऊ भाई," कुंदन म्हणाला. "सकाळी साडेसातला ये. आठला मी निघतो, अलिबागकडे लग्न हाय."

कुंदनच्या कपाटात दोन अ‍ॅडॅप्टर होते. एक रोजचा. रंग उडालेला, दोन वर्षं हळदीच्या धुरळ्यात बिनतक्रार चाललेला. दुसरा महागाचा, मखमली डबीत ठेवलेला. त्याला एक फिरती रिंग होती. ती फिरवली की कडी लांब व्हायची आणि नवरीची नथ, बांगड्या, मेंदी अगदी जवळून टिपता यायची. काम झालं की रिंग उलटी फिरवून कडी परत आखूड करायची.

संघर्ष पोचला तेव्हा कुंदनची आई पुतळाबाई ओटीवर जवळा निवडत बसली होती.

"आये, याची आज मोठी परीक्षा हाय. अ‍ॅडॅप्टर न्यायला आलाय."

"मंग चांगला दे त्याला. लोकांला देताना आपल्यातला चांगला द्यावा. फाटका देशील तं माझा नाव जाईल."

"अगं चांगलाच देतोय."

"कुंदनशेठ, रोजचा दिलास तरी चालेल," संघर्ष म्हणाला.

"गप ए. परीक्षेला रोजचा? स्वतःच्या लग्नात बनियनवर उभा राहिला होतास काय?" कुंदनने मखमली डबी त्याच्या हातात ठेवली आणि रोजचा अ‍ॅडॅप्टर आपल्या बॅगेत टाकला.

संघर्षने डबी उघडली नाही. पाईकराव मूळचे हिंगोलीकडचे, आणि त्यांच्या घरात एक नियम होता. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या दारात तपासायची नाही. देणाऱ्याच्या मनावर संशय घेतल्यासारखं होतं. त्याने डबी बॅगेत ठेवली, दोनदा आभार मानले, आणि पुतळाबाई उपाशी सोडेना म्हणून अर्धी भाकरी आणि बोंबील खाऊन निघाला.

तर इथवरचा जमाखर्च असा: तांडेलांनी पाहुण्याला आपल्यातलं उत्तम दिलं, पाईकरावाने देणाऱ्यावर विश्वास टाकला. दोन्ही रकमा जमेच्या बाजूच्या. तरी बेरीज खड्ड्यात गेली.

कार्यालयासमोर केशरबाईची चहाची टपरी होती. तिथे बाकड्यावर बसून दहाला दहा कमी असताना संघर्षने डबी उघडली. कडी लांब केलेल्या अवस्थेत होती. त्याने रिंग उलटी फिरवली. फिरली नाही. रुमाल धरून फिरवली. नाही. आट्यांत पांढरट पूड बसली होती. खाडीकाठची खारी हवा होळीपासून बंद डबीत मुक्कामाला होती.

त्याने कडी तशीच कॅमेऱ्यावर चढवली, लेन्स बसवली आणि समोरच्या पाटीवर धरली. नुसतं धुकं. लेन्सची रिंग टोकापर्यंत नेली, तरी धुकं. मग स्वतःचा हात समोर धरला. हाताच्या रेषा स्वच्छ, नखातला मळ स्वच्छ. हात पुरता लांब केला, बोटं अजून दिसत होती. हात संपला की जग संपलं. त्याने अंदाज घेतला, अडीच फूट. अडीच फुटांपलीकडे या कॅमेऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

फोन लावला.

"अरे, रिंग आत फिरव ना," कुंदन म्हणाला.

"फिरत नाही."

"डावीकडे."

"दोन्हीकडे फिरत नाही, कुंदन. जाम झालीये."

पलीकडे गाडीचे हॉर्न. मग कुंदनचा पडलेला आवाज. "होळीला चाललेली रे. मी वडखळला पोचलो. फिरू का मागे? फिरतो. आई शपथ फिरतो."

"सव्वादहाला गेट बंद होतं."

कुंदनने स्वतःला एक शिवी दिली, जी इथे लिहीत नाही, आणि म्हणाला, "रोजचा दिला असता तर..."

संघर्षने आणखी सात फोन केले. तिघांनी उचलला नाही. दोघांकडे तिसऱ्याच कंपनीचा माल होता. एक झोपेतून उठला आणि परत झोपला. सातव्याने काही ऐकून न घेता "अभिनंदन" म्हटलं.

तोवर टपरीभोवती उमेदवार जमले होते. बातमी एका मिनिटात फिरली, की यादीतला पहिला अडकलाय. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, खरं दुःख, फक्त ते टिकवायला त्यांना थोडे कष्ट पडत होते. सल्ल्यात मात्र कुणीच कंजुषी केली नाही. तेल सोडा. तेल नका सोडू, काच खराब होईल. बर्फात ठेवा. बर्फ कशाला, गरम करा. दगडावर हलकेच आपटा. आपटू नका. मी मोजले, तर एकूण नऊ सल्ले निघाले आणि त्यांतले आठ एकमेकांना खोडून काढणारे. अ‍ॅडॅप्टर शून्य.

ज्या बाईचा यात काही फायदा नव्हता तिने काम केलं. केशरबाईने उकळत्या पाण्यात फडकं बुडवून कडीभोवती गुंडाळलं, वर खोबरेल सोडलं आणि सांडशी पुढे केली.

"पावसाळ्यात माझ्या डब्याची झाकणं अशीच बसतात दादा. धरा तुम्ही, मी पिळते."

दोघांनी जोर लावला. कडीवर सांडशीचे दोन चकचकीत ओरखडे उठले. रिंग केसभरही सरकली नाही.

"लई हट्टी मेलं," केशरबाई म्हणाली. "कुणाचंय?"

"मित्राचं. चांगलं म्हणून दिलं त्यानं."

"मग राहू द्या."

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला निशिगंधा मढवी बसली होती. सल्ला न देणारी ती एकटीच. तिच्या मांडीवरची बॅग अर्धी उघडी होती, आणि फोटोवाल्याची नजर जिथे जायची तिथेच गेली. तसाच कॅमेरा, त्यावर तसाच साधा अ‍ॅडॅप्टर. संघर्ष उठून तिच्यापाशी गेला. चौदा वर्षांत त्याने लोकांना 'हनुवटी थोडी वर' याखेरीज काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं ते त्याला येत नव्हतं.

"मॅडम, तुमच्याकडे तो..."

"आहे. तुमच्या लेन्सला बसेल. मघापासून बघतेय मी."

"आत जायला माझा नंबर नववा, तुमचा दहावा. पाच मिनिटं. हॉलच्या दारात हातात परत देतो."

निशिगंधाने बॅगेची चेन ओढली, परत उघडली. "दादा, खोटं कारण सांगू की खरं?"

"खोटं कशाला."

"तुम्ही पहिले, मी दुसरी. तुम्ही पास झालात तर मी आत जाऊन काय करू, चहा पिऊ?"

"तुम्ही एकोणतीसच्या आहात. तुमच्याकडे वर्षं आहेत. माझी ही शेवटची संधी आहे, ताई." मॅडमची ताई झाली होती, इतका तो खाली उतरला होता.

"वर्षं?" ती हसली, पण हसू काही चांगलं नव्हतं. "तुमची वयाची अट जाहिरातीत छापलीये. माझी घरात आहे. ह्या दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर पनवेलचं स्थळ. तुमच्या जागी मी मागितला असता, तर दिला असतात?"

संघर्ष विचार करायला थांबला. लबाड माणूस इथे लगेच 'हो' म्हणतो.

"बघा," निशिगंधा म्हणाली, आणि चेन लावून टाकली.

सव्वादहा वाजले. फोन गेटवर जमा झाले.

हॉलमध्ये तिघं होते. परीक्षक ईश्वरी मॅडम, तीस वर्षं फोटोग्राफी शिकवून निवृत्त झालेल्या. कार्यालयप्रमुख शिवराम ठोंबरे साहेब, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, केस काळेभोर. आणि घड्याळ घेऊन बसलेला लिपिक अरविंद. नियम अरविंदने वाचले. दोन कामं. पहिलं, जुन्या दस्तऐवजावरच्या शिक्क्याचा जवळून फोटो. दुसरं, कार्यालयातल्या दहा जणांचा ग्रुप, बारा फुटांवरच्या पिवळ्या पट्टीमागून, पाच मिनिटांत, तीन फ्रेममध्ये. चांगली असेल ती फ्रेम उमेदवाराने निवडायची. तिची प्रिंट निघेल, प्रत्येकाने प्रिंटवर आपला चेहरा ओळखून शेजारी सही करायची. दहा सह्या झाल्या तर पास.

"नऊ झाल्या तर?" कुणीतरी विचारलं.

"तर दहा झाल्या नाहीत," अरविंद म्हणाला.

पहिल्या कामात संघर्षचा कॅमेरा असा काही चमकला, की ईश्वरी मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या. शिक्क्यातल्या सिंहाची आयाळ तर दिसत होतीच, कागदाचे तंतूही दिसत होते.

"वा, पाईकराव. मॅक्रो अ‍ॅडॅप्टर का? या कामाला मुद्दाम आणलात?"

"हो मॅडम," संघर्ष म्हणाला.

दुसऱ्या कामाला कार्यालयातले नऊच जण हजर होते. दहावा रजेवर. म्हणून चहा द्यायला आलेल्या केशरबाईला पहिल्या उमेदवारापासून उजव्या टोकाला उभं केलं होतं. डाव्या टोकाला खुर्चीवर साहेब. मधे टायपिस्ट, ड्रायव्हर, शिपाई, सफाईवाल्या मावशी.

"नववा उमेदवार. वेळ सुरू."

संघर्षने कॅमेरा डोळ्याला लावला. दहा माणसांच्या जागी दहा डाग होते. एक निळसर, एक खाकी, कडेचा केशरबाईच्या हिरव्या लुगड्याचा.

"मॅडम, जरा पुढे येऊ का?"

"पट्टीच्या मागे."

"मॅडम, एक-दोन फूट..."

"पाईकराव, पट्टी सगळ्यांना एकच आहे."

एक मिनिट गेलं. त्याने लेन्सची रिंग फिरवली, अ‍ॅडॅप्टरची रिंग फिरवली, नखं दुखेपर्यंत फिरवली. घाम पापण्यांवरून आत उतरला. ग्रुपमधल्या मावशी कुजबुजल्या, "ह्याला काही होतंय का?" केशरबाईला सगळं ठाऊक होतं, पण ग्रुपमधल्या माणसाने बोलायचं नसतं. तिने फक्त दोन्ही हात पिळल्यासारखे केले. अजून पिळा, दादा.

दोन मिनिटं. दीक्षा, त्याची बायको, या घटकेला ऐरोलीच्या दवाखान्यात पेशंटच्या पाठीशी उशी लावत असेल, आणि दर दहा मिनिटांनी फोन बघत असेल. संघर्षने रागाने लेन्स काढली, जाम कडी काढली आणि जमिनीवर ठेवली. आपटायची होती, पण दुसऱ्याची होती.

आता एका हातात उघडा कॅमेरा, दुसऱ्या हातात उघडी लेन्स. लेन्स सहज, काही न सुचून, त्याने कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेली. स्क्रीनवर पांढरा झोत आला, आणि त्या झोतात क्षणभर ड्रायव्हरची मिशी उमटली आणि गेली.

डोकं पहिल्यांदा चाललं. कडीचं काम काय? अंतर राखणं. अंतर बोटांनाही राखता येतं. कडीपेक्षा वाईट राखतील, पण राखतील.

फक्त मधल्या फटीतून उजेड घुसत होता. काळं कापड हवं. शर्ट पांढरा, रुमाल पिवळा. संघर्षने आयुष्यात कधी केलं नव्हतं असं केलं: भरल्या हॉलमध्ये, साहेबांसमोर, उजवा बूट काढला आणि काळा मोजा ओढला. मोजा कॅमेरा आणि लेन्सच्या मधल्या फटीभोवती गुंडाळला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"नियमात मोज्याबद्दल काही नाही, साहेब," ईश्वरी मॅडम म्हणाल्या. त्या आता उभ्या होत्या.

पहिली फ्रेम मोजा सुटून पांढरी झाली. दुसरीत मधले चौघं आले, कडेचे सहा विरघळले.

"दीड मिनिट राहिलं," अरविंद म्हणाला.

बोटांची अडचण अशी, की ती कडीसारखी सरळ धरत नाहीत. लेन्स जरा तिरकी झाली की फोटोतला स्पष्टपणाही तिरका होतो, आणि ओळीचं एक टोक बुडतं. संघर्षने लेन्स डावीकडे झुकवली. साहेब आले, त्यांच्या खिशातलं पेन आलं, पण केशरबाई, मावशी, शिपाई, ड्रायव्हर सगळे गेले. उजवीकडे झुकवली. केशरबाई आली, मावशी आल्या, ओळ एकेक करत उजळत गेली आणि साहेबांपाशी येऊन विझली. जास्त खोलवर स्पष्ट दिसावं म्हणून त्याने लेन्सचं छिद्र बारीक करून आठवर नेलं. थोडी मदत झाली, साहेबांना नाही. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. अंगठ्याला पेटके यायला लागले.

"तीस सेकंद."

हुशार माणसाने साहेबांना धरलं असतं आणि बाकीच्यांचं पुढे बघितलं असतं. संघर्षला चौदा वर्षांची सवय होती. ओळखपत्राच्या कामात साहेबाचा चेहराही एक आणि हमालाचा चेहराही एक. त्याने मोजलं. इकडे नऊ, तिकडे एक. एकाही बाजूला दहा नव्हते.

"दहा सेकंद."

त्याने नऊवाली बाजू धरली, श्वास कोंडला आणि बटन दाबलं.

बाहेर येऊन तो जिन्यात बसला. एका पायात मोजा नाही, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. डाव्या हाताची बोटं लेन्सच्या आकाराची झाली होती आणि सरळ होत नव्हती. निशिगंधा आत जाऊन, दोन मिनिटांत काम उरकून बाहेर आली आणि त्याच्यापासून तीन पायऱ्या वर बसली. तिच्या लेखी जागा तिची झाली होती. त्याच्या लेखीही.

तीन वाजता सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर बारा प्रिंट मांडल्या होत्या, मागे उमेदवारांची नावं. कुणाची कुठली, हे सही करणाऱ्यांना दिसत नव्हतं, पण मोज्यातली प्रिंट ओळखायला नाव लागत नव्हतं. एकेक जण येऊन आपापल्या चेहऱ्याशेजारी सही करत गेला. शेवटी साहेब.

साहेबांनी पहिली प्रिंट उचलली आणि त्यांचं तोंड आंबट झालं. फोटो उत्तम होता, तीच पंचाईत. डोळ्यांखालच्या पिशव्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. सही केली. दुसऱ्या प्रिंटमध्ये गळ्याची कातडी. सही. चौथ्यात केसांच्या मुळाशी कलपाची हद्द, नकाशात नदी दाखवावी तशी. सही जरा रागाने. दहावी प्रिंट निशिगंधाची. बारांत सगळ्यांत धारदार. साहेबांच्या मिशीत सकाळच्या नाश्त्यातला पोह्याचा एक दाणा होता, तो पोह्याचा आहे हेसुद्धा कळत होतं.

"हे एवढं बारीक कशाला?" साहेब पुटपुटले. पण नियम म्हणजे नियम, सही केली.

अकरावी, बारावीही झाली. नववी प्रिंट मागे सरकली होती, ती अरविंदने पुढे केली. "साहेब, ही राहिली. नऊ सह्या झाल्यात."

संघर्षने भिंतीला पाठ लावली. नऊ माणसं लख्ख, आणि डाव्या टोकाला खुर्चीत एक मऊ, दुधी आकार. नाक असावं तिथे नाक, मिशी असावी तिथे मिशी. सुरकुत्या नाहीत, पिशव्या नाहीत. मलमलीच्या पडद्याआडून बघावा तसा पस्तिशीचा एक देखणा गृहस्थ.

साहेबांनी प्रिंट लांब धरली. जवळ आणली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"हा कोण?" साहेब म्हणाले.

अरविंदने मान खाली घातली. निशिगंधाने डोळे मिटले.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "हा मीच की."

"साहेब, नक्की?" ईश्वरी मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "चेहरा ओळखता यायला हवा. नाहीतर सही करू नका."

"मॅडम, मी मला ओळखणार नाही?" साहेब दुखावले. "त्या बाकीच्यांत मी नाही ओळखू आलो एक वेळ. कोण म्हातारा बसवलाय तिथे. हा मी. कुणीही सांगेल. काय रे अरविंद?"

अरविंदला नोकरीची अजून एकवीस वर्षं काढायची होती. "हुबेहूब, साहेब."

साहेबांनी सही केली, एरवीपेक्षा मोठी, खाली दोन टिंबं देऊन.

ईश्वरी मॅडमनी दहा सह्या मोजल्या. मग परत मोजल्या. संघर्षकडे एकदा पाहिलं, त्याच्या बिनमोज्याच्या पायाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं. "नववा उमेदवार, पास. अरविंद, स्वीकृतीचा फॉर्म द्या."

संघर्ष टेबलाशी आला आणि न विचारता साहेबांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसला. तो डावखुरा. डाव्या हातात पेन धरायला गेला आणि पेन घरंगळलं. बोटं अजून लेन्स धरून बसली होती. पुन्हा उचललं, पुन्हा घरंगळलं. तिसऱ्यांदा ते टेबलाखाली गेलं.

ते निशिगंधाने उचललं. तिचे डोळे लाल झाले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

"सही करा दादा," ती म्हणाली. "लवकर करा. मी अजून दुसरीच आहे, आणि मी काही चांगली बाई नाही, सकाळी बघितलंत."

"उत्तर राहिलं होतं माझं," संघर्ष म्हणाला. "सकाळचं. मीही दिला नसता बहुतेक."

"माहितीये," निशिगंधा म्हणाली. "म्हणून तर विचारलं होतं."

तिने पेन त्याच्या वाकलेल्या बोटांत खुपसलं, कागद सरळ धरला, आणि त्याची सही पूर्ण होईपर्यंत हलू दिला नाही. मग बॅग खांद्याला लावून ती जिना उतरून गेली. घरी काय सांगायचं, ते तिला घणसोली येईपर्यंत ठरवायचं होतं, आणि घणसोली काही लांब नाही.

आत साहेब ईश्वरी मॅडमना विचारत होते, की या नवव्या प्रिंटमधला नुसता डावा कोपरा जरा मोठा करून मिळेल का.